लेखकानुसार गूगल शोधातील कामगिरी कशी नोंदवावी?

कोथरूडची संपादिका (प्रश्न)

नमस्कार. पुणे शहर आणि जिल्ह्याविषयी मराठीतून लिहिणारे एक लहान संकेतस्थळ आम्ही काही जण चालवतो. नियमित लिहिणारे अकरा जण आहेत. कोणी वाड्यांवर लिहितात, कोणी घाटवाटांवर, कोणी गणेशोत्सवावर. आपला लेख गूगलवरून किती लोकांपर्यंत पोहोचतो, हे प्रत्येक लेखकाला दर तिमाहीला कळवावे अशी माझी इच्छा आहे. परंतु सर्च कन्सोलमध्ये (संकेतस्थळ चालवणाऱ्यांना शोधाचे आकडे दाखवणारे गूगलचे साधन) पानांचे आणि शोधशब्दांचे आकडे मिळतात, लेखकाच्या नावाने काहीच मिळत नाही.

गेल्या महिन्यात मी हाताने एक तक्ता केला आणि त्यातून एक वेगळीच अडचण उभी राहिली. गणेशोत्सवावर लिहिणाऱ्या आमच्या ज्येष्ठ लेखकांचे सप्टेंबर २०२५ मधील क्लिक सप्टेंबर २०२४ च्या तुलनेत फारच कमी दिसले. ते आकडे पाहून त्यांनी मला विचारले, "माझे लिखाण आता लोकांना नको आहे का?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यातच मानधन या आकड्यांशी जोडावे, अशी सूचना आमच्यातल्याच एका सहकाऱ्याने केली आहे. आपला अनुभव कळवावा.

आकडेमोड

आपल्या ज्येष्ठ लेखकांना आजच फोन करा, कारण घट दिसण्याचे मुख्य कारण बहुधा त्यांच्या लिखाणात नसून पंचांगात आहे. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला, म्हणजे संपूर्ण उत्सव सप्टेंबरात आला. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आणि विसर्जन ६ सप्टेंबरला झाले. प्राणप्रतिष्ठेची पद्धत, मानाच्या गणपतींचा क्रम, देखावे ही सगळी शोधाशोध चतुर्थीच्या आधी आणि पहिल्या काही दिवसांत होते. ती २०२५ मध्ये ऑगस्टच्या खात्यात गेली. सप्टेंबरची सप्टेंबरशी तुलना केली तर त्यांच्यावर अन्याय होणारच.

चतुर्थीपूर्वीचे पंधरा दिवस धरून विसर्जनापर्यंतचा काळ घ्या: २३ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर २०२४ आणि १२ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर २०२५. दोन्ही बाजूंना बरोबर २६ दिवस येतात आणि सर्च कन्सोलमध्ये अशा दोन कालखंडांची तुलना थेट करता येते. मात्र हे काम लांबणीवर टाकू नका. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांचे आकडे राखते, त्यामुळे २३ ऑगस्ट २०२४ हा दिवस डिसेंबर २०२५ च्या अखेरच्या आठवड्यात तिथून नाहीसा होईल. आधी ते आकडे उतरवून ठेवा, मग दर महिन्याला उतरवत जा.

पालखीच्या लेखांनाही हेच लागू आहे. आषाढी एकादशी २०२४ मध्ये १७ जुलैला होती, २०२५ मध्ये ६ जुलैला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती २५ जुलैला येते.

आणखी एक सावधगिरी. सप्टेंबर २०२५ च्या मध्यास गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय बंद केली. क्रमवारी मोजणारी स्वयंचलित साधने तिचाच वापर करीत असत, म्हणून त्यानंतर अनेक संकेतस्थळांची इम्प्रेशन (पान निकालांत किती वेळा दिसले तो आकडा) एकदम उतरलेली दिसली आणि सरासरी स्थान (निकालांत पान सरासरी कितवे येते) सुधारलेले दिसले. ती रेषा ओलांडून तुलना करायची असेल, तर इम्प्रेशन बाजूला ठेवून क्लिक पाहावेत.

वेबमास्तर_जुना

लेखकानुसार आकडे गूगल स्वतः एके काळी देत असे. २०११ पासून लेखकाची ओळख पानाशी जोडण्याची सोय होती, निकालात लेखकाचे छायाचित्र दिसे आणि वेबमास्टर टूल्समध्ये (सर्च कन्सोलचे तेव्हाचे नाव) लेखकाच्या नावाने क्लिक व इम्प्रेशन पाहता येत. ऑगस्ट २०१४ मध्ये ती सोय संपूर्णपणे बंद झाली. आज पानाच्या संरचित माहितीत (शोधयंत्रासाठी पानाच्या कोडमध्ये ठेवलेल्या नोंदीत) लेखकाचे नाव आणि त्याच्या परिचयपानाचा पत्ता अवश्य द्यावा, पण त्यातून कोणताही अहवाल तयार होत नाही. तो आपणच करायचा.

रीत साधी आहे. आपल्या संकेतस्थळावरून लेखाचा पत्ता (यूआरएल), लेखक आणि प्रकाशनाचा दिनांक अशी यादी काढा, सर्च कन्सोलमधून पानांचा तक्ता उतरवा आणि पत्त्याच्या आधारे दोन्ही जोडा. पडद्यावरून उतरवलेल्या तक्त्यात जास्तीत जास्त १,००० ओळी येतात. लेख त्याहून अधिक असतील तर एपीआय (प्रोग्रॅम लिहून आकडे थेट मागवण्याची सोय) वापरावे लागेल, तिथे एका विनंतीत २५,००० ओळींपर्यंत मिळतात.

मराठी संकेतस्थळांचे घोडे अडते ते पत्त्यांपाशी. पत्ता देवनागरीत असेल तर उतरवलेल्या तक्त्यात त्याची अक्षरे न दिसता टक्क्याच्या खुणांची लांबलचक माळ दिसते, कारण प्रत्येक देवनागरी वर्ण तीन बाइटांत साठवला जातो आणि प्रत्येक बाइटासाठी तीन चिन्हे लिहिली जातात. म्हणजे एका वर्णाला नऊ चिन्हे, आणि काना-मात्रा हेदेखील स्वतंत्र वर्णच. लेखांच्या यादीत तोच पत्ता वाचनीय देवनागरीत असतो. मी एका मासिकासाठी हे काम केले तेव्हा निम्म्याहून अधिक लेख "सापडले नाहीत" या खान्यात गेले होते आणि ते कुणीच वाचत नाही, असा निष्कर्ष आम्ही जवळजवळ काढला होता. जोडणी करण्यापूर्वी दोन्ही याद्यांतील पत्ते एकाच रूपात आणा. ही अडचण टाळण्यासाठी जुने पत्ते बदलण्याच्या फंदात मात्र पडू नका.

कऱ्हाकाठ

मी स्वतः लेखिका आहे, म्हणून शोधशब्दांविषयी आणि मानधनाविषयी लिहिते.

माझ्या टोपणनावातला "ऱ्ह" संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो: एकात नुक्ता असलेला ऱ येतो, दुसऱ्यात साधा र आणि त्याच्या मागे न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ते निराळे शब्द आहेत. नऱ्हे, गोऱ्हे, कऱ्हा यांवरील लेखांचे शोधशब्द गाळून पाहताना एकच रूप घेतले, तर बाकीचे वाचक मोजणीतून सुटतात. शिवाय मराठी वाचक मराठी शब्द रोमन लिपीत टंकून शोधतात, तेही प्रत्येक जण आपापल्या स्पेलिंगने. सर्च कन्सोलच्या गाळणीत २०२१ पासून रेजेक्स (शब्दाची अनेक रूपे एकाच नमुन्यात लिहिण्याची पद्धत) चालते, त्यात ही सगळी रूपे एकत्र देता येतात. तरीही शोधशब्दांची बेरीज एकूण क्लिकांइतकी होणार नाही, कारण फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी दाखवले जात नाहीत.

सरासरी स्थानावरून कृपया कुणाला जोखू नका. माझा एक लेख दोन-तीन शोधांत पहिला येत होता. पुढे तो आणखी कितीतरी शोधांत तिसाव्या-चाळिसाव्या स्थानी दिसू लागला, तेव्हा त्याचे सरासरी स्थान खाली घसरले, क्लिक मात्र वाढले.

मानधन या आकड्यांना बांधण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. सिंहगडाला कसे जावे, हे पावसाळ्यात सगळे पुणे शोधते. एखाद्या पडक्या वाड्याच्या दारावरील शिलालेखाचे वाचन वर्षभरात मोजकेच लोक शोधतील, पण ज्यांना हवे आहे त्यांना ते आपल्याच पानावर मिळेल. दोन्ही लेखांना सारखे श्रम लागतात, किंबहुना दुसऱ्याला अधिकच. मागणी विषयाची असते आणि तिचे मोल लेखकाच्या नावावर मांडले, तर शिलालेख वाचणारा माणूस लवकरच सिंहगडच्या पार्किंगवर लिहू लागेल. लेखाची तुलना त्याच्याच आधीच्या हंगामाशी करा आणि ती लेखकाला दाखवा.

कोथरूडची संपादिका

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री बसून दोन्ही कालखंड उतरवून घेतले आणि पत्ते एका रूपात आणून जोडले. २६ दिवसांची २६ दिवसांशी तुलना केल्यावर आमच्या ज्येष्ठ लेखकांच्या क्लिकांतील घट जवळजवळ उरतच नाही. त्यांचे तीन लेख वाढले आहेत. फक्त विसर्जन मिरवणुकीच्या मार्गावरचा लेख खरोखर उतरला आहे, आणि उघडून पाहिले तर त्यातील वेळा व बंद रस्त्यांची माहिती दोन वर्षांपूर्वीची निघाली. सकाळी त्यांना फोनवर हे सगळे वाचून दाखवले. तो लेख त्यांनी नव्याने लिहायला घेतला आहे. मानधनाची सूचना मी पुढच्या बैठकीत मागे घ्यायला सांगणार आहे.