बीपी १६८/१०४ आलंय, पण त्रास काहीच नाही. गोळी खरंच लागते का?

गिरणवाला

नमस्कार मंडळी. वय ४६, कोरेगाव तालुक्यात माझी पिठाची गिरणी आहे. गणपतीत मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. दरवर्षी रक्त देतो, यंदाही बाही सरकवून बसलो. पोरीने दंडाला पट्टा गुंडाळला, मशीनकडे बघितलं, सोडला, परत गुंडाळला. मग हळूच म्हणाली, "काका, आज तुमचं रक्त घेता येणार नाही." मागे रांगेत अख्खं मंडळ उभं. लाज वाटली हो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे १६२/१००, आठवड्याने परत १६४/१००. त्यांनी बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन ५ लिहून दिली, शिवाय लघवी, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी), ईसीजी आणि वर डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी. बीपीचा आणि डोळ्यांचा काय संबंध? विचारणार होतो, पण बाहेर गर्दी होती, ते पुढच्या पेशंटकडे वळले.

माझं डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. पन्नास किलोचं पोतं अजून एकटा उचलतो. आई म्हणते, एकदा गोळी लागली की जन्माची लागली. त्यामुळे पाकीट चार दिवस गल्ल्यात पडून आहे, चिल्लरीखाली. वडील ५८ व्या वर्षी झोपेत गेले. अटॅक असेल म्हणाले. त्यांचं बीपी कधी कुणी बघितल्याचं आठवत नाही.

खरंच लागते का गोळी?

निवृत्त_सिस्टर

दादा, पाकीट आधी गल्ल्यातून बाहेर काढा, मग पुढचं वाचा.

मी ३१ वर्षं आरोग्यसेविका होते. "मला काय होतंय" म्हणणारे जेवढे बघितले, तेवढे "मला त्रास होतोय" म्हणणारे नाही बघितले. बीपी दुखत नाही, हीच त्याची खोड. डोकं दुखलं की बीपी वाढलं असेल, नाही दुखलं तर नसेल, असा हिशेब गावोगाव चालतो, आणि तो चुकीचा आहे.

वरचा आकडा हृदय आवळतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याच्या वर येत राहिलं की आपल्याकडे बीपी धरतात. तुमचं तीनदा आलंय, तेही बरंच वर. गिरणीची मोटर जास्त लोडवर चालवली तर पहिल्या दिवशी जळते का? नाही. पीठ पडतच राहतं. हृदयाचंही तसंच. जोर लावून लावून त्याची भिंत जाड होते. ती झालीय का, हे ईसीजीत थोडंफार कळतं.

आता डोळा. डोळ्यात थेंब टाकून बुबुळातून आत बघितलं की पडद्यावरच्या रक्तवाहिन्या उघड्या डोळ्यांसमोर दिसतात. शरीरात दुसरीकडे कुठेही काप न घेता अशा दिसत नाहीत. त्या अरुंद झाल्यात का, कुठे रक्त झिरपलंय का, यावरून दाब किती मुरलाय त्याचा अंदाज येतो. आणि लघवी अशासाठी की किडनी म्हणजे चाळणच. चाळण सैल झाली की प्रथिनं लघवीत उतरतात. तेव्हाही माणसाला काही जाणवत नसतं.

आईंचं म्हणणं थोडं उलटं करून बघा. गोळीची सवय लागत नाही, बीपीच जन्माचं असतं. पुष्कळांचं वजन आणि मीठ कमी झाल्यावर डॉक्टर गोळी कमी करतात, पण ते डॉक्टरांनी करायचं.

आणखी एक. सातारा हा उच्च रक्तदाबाच्या सरकारी कार्यक्रमात राज्यातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत होता. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कार्ड काढा, महिन्याच्या गोळ्या फुकट मिळतात. गर्दी टाळायची तर सकाळी लवकर जा.

हिरवापाला

गोळ्यांच्या नादी लागू नका. सकाळी उपाशीपोटी कच्च्या लसणाच्या दोन पाकळ्या आणि सर्पगंधाचं चूर्ण. आमच्या मामांचं पंधरा दिवसांत नॉर्मल.

औषधवाला

लसूण खा, भाजीला चव येते. १६४ साठी ती पुरणार नाही.

सर्पगंधाबद्दल मात्र सांगतोच, कारण तिची गोष्ट आपल्या मुंबईची आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्यावरचा निबंध १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं, गोळ्या आल्या, लाखोंनी घेतल्या. म्हणजे मुळीत दम आहे. पण नाक चोंदतं, सुस्ती येते, आणि काहींना मन खचल्यासारखं होतं, म्हणून चांगली औषधं आल्यावर ती मागे पडली. चूर्णात किती मात्रा आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आयुर्वेदाला नावं ठेवत नाही, मोजमापाशिवायच्या पुडीला ठेवतो.

आणि गिरणवाले, कंबर दुखते म्हणून दुकानातून परस्पर डायक्लोफेनॅक घेता का? पोती उचलणारे घेतात. त्यानेही बीपी चढतं.

कराडकर

माझ्या मेव्हण्याचं सांगतो. वय ५१. दोन वर्षं गोळी नीट घेतली. एका शिबिरात १२६/८० आलं. घरी येऊन म्हणाला, "झालं बरं," आणि गोळी बंद. अहो, ते १२६ गोळीमुळेच होतं! सात महिन्यांनी सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला आणि तोंड वाकडं झालं. दवाखान्यात २१०/१२० निघालं, मेंदूत रक्तस्राव. वाचला. पण उजव्या हाताने शर्टाचं बटण अजून लागत नाही, बहीण लावते. पहिल्यांदा लावलं तेव्हा तो भिंतीकडे बघत होता.

बाकी तुम्ही ठरवा.

गिरणवाला

कराडकर, तुमचं वाचलं त्याच रात्री पहिली गोळी घेतली.

दोन महिने झाले म्हणून लिहितोय. दंडाचं मशीन घेतलं. आधी दळणं सोडून मोटर बंद केली की लगेच मोजायचो, १५० च्या वर यायचं. सिस्टरांना मेसेज केला तर त्या रागावल्या. आता लघवीला जाऊन येतो, पाच मिनिटं खुर्चीला टेकून गप्प बसतो, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. दोनदा मोजून दोन्ही वहीत लिहितो. गेल्या आठवड्यात १३८/८८ ते १३२/८४ मध्ये आलं. डोळ्याचा पडदा ठीक आहे. लघवीत प्रथिनांचा अंश निघाला, तीन महिन्यांनी परत तपासायची.

मिठाचं अवघड जातंय. दिवसाला सगळं मिळून एक चमचा, पाच ग्रॅमच्या आत म्हणे. आमटीत कमी केलं, पण खरं मीठ पापड, लोणचं आणि गिरणीत दुपारी येणाऱ्या खारी-फरसाणात होतं. सैंधव आणलं, तर औषधवाल्यांनी सांगितलं तेही मीठच.

आईचंही मोजलं, नको नको म्हणत असताना. १७६/९२. गप्प झाली. उद्या तिलाही केंद्रात नेतोय.

एक विचारायचं होतं. दिवसभर उभा असतो, संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडतो. गोळीने का?

निवृत्त_सिस्टर

अ‍ॅम्लोडिपिनने होतं तसं, उभं राहणाऱ्यांना जास्त. पण लघवीत प्रथिनं निघाली आहेत, त्यामुळे नुसतं गोळीवर ढकलू नका. स्वतःहून बंदही करू नका. आईंना नेताय ना उद्या? त्याच खेपेला सूज दाखवा आणि वही बरोबर ठेवा.