जॉन ह्यूम: मास्तर जिंकला, पक्ष हरला?

घाटमाथा:
परवा गप्पांत एकजण ठासून म्हणाला, मास्तरांनी राजकारणात पडू नये, त्यांना तडजोड जमत नाही. मला लगेच उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचा जॉन ह्यूम आठवला. शाळेत फ्रेंच आणि इतिहास शिकवायचा. १९६० साली त्याने चार लोकांना घेऊन गावात क्रेडिट युनियन काढली, म्हणजे आपली पतपेढीच म्हणा. गरीब कॅथलिकांना बँका दारात उभं करत नसत आणि सावकार पिळून काढायचे. बाप बेकार. अखंड आयर्लंड मागणाऱ्या राष्ट्रवाद्यांच्या एका सभेत त्याने पोराला सांगितलेलं, झेंडा खाऊन पोट भरत नाही. ते पोराच्या डोक्यात पक्कं बसलं.
१९६९ मध्ये ह्यूम आमदार झाला, १९७० मध्ये बंदुकीशिवाय राजकारण करणाऱ्या एसडीएलपी पक्षाच्या स्थापनेत होता. पुढे ब्रिटनविरुद्ध बंदूक उचललेल्या आयआरएचा राजकीय चेहरा असलेल्या शिन फेनच्या जेरी अ‍ॅडम्सशी बोलायला बसला, त्यासाठी शिव्या खाल्ल्या. १९९४ ला शस्त्रसंधी, १९९८ ला शांततेचा गुड फ्रायडे करार, त्याच वर्षी ट्रिंबलबरोबर (ब्रिटनसोबतच राहू म्हणणाऱ्या युनियनवाद्यांचा नेता) नोबेल. स्वतःचा पक्ष पणाला लावून माणसं वाचवली. अजून कसली तडजोड हवी?

कडू_कारलं:
नोबेल मिळालं की सगळं माफ का? अ‍ॅडम्सला सभ्य माणसांच्या पंगतीला बसवलं कोणी? ह्यूमनेच. मग मतदारांनी विचार केला, आता हेही शांततावादी, तर मूळ दुकानातूनच माल घेऊ. २००१ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत शिन फेन चार, एसडीएलपी तीन. २०२२ च्या स्टॉर्मोंट, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत २७ विरुद्ध ८. ज्यांनी कधी बंदूक धरली नाही ते कोपऱ्यात, बाकीचे खुर्चीत. बरं, शिन फेनशी १९९३ च्या वाटाघाटींत पक्षातल्या सहकाऱ्यांनाही धड काही सांगितलेलं नव्हतं. वर्गात पोरांना कोण विचारतो म्हणा!

फॉइलकाठी:
मी डेरीतच राहते, म्हणून लिहिते. आकडे बरोबर आहेत, पण १९९३ चा ऑक्टोबर विसरू नका. आयआरएच्या बॉम्बने बेलफास्टच्या शँकिल रोडवर मासळीच्या दुकानात नऊ निरपराध गेले. आठवड्याभरात बदला म्हणून ग्रेस्टीलच्या बारमध्ये गोळीबार, आठ मृत. तिथल्या अंत्यविधीला ह्यूम गेला तेव्हा एका मृताची मुलगी त्याला म्हणाली, काल रात्री आम्ही शवपेटीभोवती बसून तुमच्या प्रयत्नांना यश यावं म्हणून प्रार्थना केली. तो तिथेच ढसाढसा रडला. इथली वयस्कर मंडळी अजून हे सांगतात. त्या महिन्यात पक्षाच्या जागा मोजत बसायचं होतं का त्याने?

कडू_कारलं:
रडला म्हणून धोरण बरोबर ठरत नाही, ताई. मी बोलू नको म्हणत नाही. बोलताना दुसरी फळी का उभी केली नाही, एवढंच विचारतोय.

पाटीपेन्सिल:
अवांतर वाटेल, पण त्याचे उपनेते शेमस मॅलनही मास्तरच. मार्केटहिलच्या शाळेचे हेडमास्तर! १९७३ चा सनिंगडेल करार, सत्तावाटपाचाच, पुढच्या वर्षी युनियनवाद्यांच्या संपाने कोसळला. ह्यूम त्या सरकारात वाणिज्यमंत्री होता. पंचवीस वर्षांनी जवळपास तोच धडा गुड फ्रायडेच्या नावाने आला तेव्हा मॅलन म्हणाले, हे म्हणजे मठ्ठ पोरांसाठी सनिंगडेल. हेडमास्तरच असं बोलू शकतो.
आणि ह्यूम? तिथे एकल संक्रमणीय मताची पद्धत आहे (पसंतीक्रम द्यायचा, मत एकाकडून पुढच्याकडे सरकतं), त्यावरून त्याच्या भाषणाला लोक ‘एकल संक्रमणीय भाषण’ म्हणायचे. तेच तेच: दुभंगली आहे ती जमीन नव्हे, माणसं. शेवटच्या बाकावरच्याला कळेपर्यंत फळ्यावर तेच लिहायचं, ही अस्सल मास्तरकी. माझ्या मते तीच कामी आली.

घाटमाथा:
@पाटीपेन्सिल, +१. २००१ चा गांधी शांतता पुरस्कार आपल्या सरकारने त्यालाच दिला होता, हे किती जणांना माहीत असेल?
@कडू_कारलं, दुसऱ्या फळीचा मुद्दा मान्य. २००१ ला त्याने नेतेपद सोडलं तेव्हा मॅलनही वारस म्हणून उभे राहिले नाहीत, आणि तोवर शिन फेन पुढे गेली होती. पण पक्ष वाचवायला युद्ध अजून चार वर्षं चालू ठेवायचं, हा सौदा मला तरी परवडत नाही.

कडू_कारलं:
युद्ध चालू ठेवा असं मी कुठे म्हटलं? तोंडी शब्द घालू नका. आठ आमदार, एवढंच लिहिलं.

फॉइलकाठी:
इथल्या बोगसाइड वस्तीतल्या एका घराच्या भिंतीवर ह्यूमचं मोठं चित्र आहे, सोबत मार्टिन ल्यूथर किंग, मंडेला आणि मदर तेरेसा. रविवारी तिकडून जाणार आहे, फोटो टाकते. भांडण तोवर चालू ठेवा.