ज्युपिटर-३ : अनंताला अचूक, एक मीटरवर मात्र फोकस मागे. नेमके काय बदलावे?

छायाप्रकाश

नमस्कार. माझ्याकडे क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातली ज्युपिटर-३, म्हणजे ५० मि.मी. एफ/१.५ लेन्स आहे. अनुक्रमांक ५५ ने सुरू होतो, त्यामुळे ती १९५५ ची असे मी धरतो. झोर्की-४ या सोव्हिएत कॅमेऱ्यावर तिने कित्येक रोल निमूटपणे काम केले. अलीकडे एम३९ ते एम अडॅप्टर (३९ मि.मी. आट्यांची लेन्स लायकाच्या एम माउंटवर बसवणारे कडे) लावून तीच लेन्स मी डिजिटल लायका एम बॉडीवर वापरू लागलो आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली. दूरच्या वस्तूवर रेंजफाइंडरमधील (दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस जुळवण्याच्या यंत्रणेतील) दुहेरी प्रतिमा बरोबर जुळते व चित्रही स्वच्छ येते. मात्र एक मीटरवर डोळ्यावर जुळवणी केली तर डोळा मऊ राहतो आणि कानाजवळचे केस तीक्ष्ण येतात. तिरपी पट्टी ठेवून, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून पाहिले तेव्हा फोकस सुमारे तीन सेंटिमीटर मागे पडत असल्याचे दिसले. याच बॉडीवर लायकाची स्वतःची ५० मि.मी. लेन्स जवळ आणि दूर दोन्हीकडे अचूक आहे, म्हणून बॉडीवर संशय घेण्याचे कारण दिसत नाही.

लेन्सचे फोकसचे कडे जड फिरते. माझ्याकडे येण्यापूर्वी कोणीतरी हेलिकॉइड (फोकससाठी भिंगे पुढेमागे नेणारी आट्यांची नळी) उघडून त्यात नवे ग्रीस भरले होते, एवढेच मला सांगण्यात आले आहे. त्यामुळे तीन शक्यता मनात आहेत : हेलिकॉइडचे आटे चुकीच्या जागी धरले गेले असतील, अडॅप्टरची जाडी चुकली असेल, किंवा भिंगसंचाखालचे शिम (अंतर साधणारे पातळ कडे) बदलले गेले असेल. लेन्स उघडण्यापूर्वी यांपैकी कोणती शक्यता खरी, हे ठरवण्याचा काही मार्ग आहे का?

सूक्ष्ममापी

मार्ग आहे, आणि तुम्ही दिलेल्या माहितीतच उत्तराचा बराचसा भाग आहे. पहिल्या दोन शक्यता मी आताच बाजूला काढतो.

५० मि.मी.च्या सोव्हिएत लेन्समध्ये भिंगसंच ज्या नळीत बसतो, त्याच नळीची मागची कडा रेंजफाइंडरच्या दांड्याला टेकते. म्हणजे भिंगे जेवढी पुढे सरकतात, तेवढीच ती कडाही सरकते. रेंजफाइंडर पाहतो तो फक्त त्या कडेची जागा. आता अडॅप्टर पाच शतांश मि.मी. पातळ आहे असे समजू. भिंगेही तेवढीच आत जातील आणि कडाही. दुहेरी प्रतिमा जुळवताना तुम्ही नकळत फोकसचे कडे तेवढेच अधिक फिरवाल, आणि चित्र पुन्हा जागेवर येईल. हेलिकॉइड चुकीच्या आट्यात धरला गेला असला तरी हेच घडते. या दोन्ही दोषांनी अंतराची कोरलेली पट्टी आणि अनंताची अटकण बिघडते, पण रेंजफाइंडरने जुळवलेले फोकस बिघडत नाही. ते अवलंबून असते फक्त कडेपासून भिंगसंचाच्या अंतरावर, आणि ते अंतर ठरवते शिम, म्हणजे भिंगसंच व नळीचा खांदा यांच्यामध्ये बसणारे पातळ कडे. (ज्युपिटर-९ आणि ज्युपिटर-१२ यांना हा हिशेब लागू करू नये. ८५ आणि ३५ मि.मी.ला भिंगांची आणि कडेची गती वेगवेगळी ठेवावी लागते, त्यामुळे तिथे हेलिकॉइडची प्रत्येक चूक फोकसमध्ये उतरते.)

अनंताला दुहेरी प्रतिमाही जुळते आणि चित्रही स्वच्छ येते, याचा अर्थ शिम अनंतासाठी योग्य आहे आणि बहुधा मूळचेच आहे. मग जवळची चूक येते कुठून? नाभीय अंतरातून (फोकल लेंथमधून). लायकाचा रेंजफाइंडर ज्या लेन्ससाठी आखलेला आहे, तिचे प्रत्यक्ष नाभीय अंतर ५१.६ मि.मी. धरलेले आहे. ज्युपिटर-३ ही त्साइस या जर्मन कंपनीच्या सोनार लेन्सची वंशज आहे आणि तिचे प्रत्यक्ष अंतर ५२.४ मि.मी.च्या आसपास आहे. दोन्हींवर ‘५०’ असे कोरलेले असले तरी एक मीटरवर फोकस करण्यासाठी पहिलीला अनंतापासून सुमारे २.९८ मि.मी. पुढे यावे लागते, तर दुसरीला सुमारे ३.०८ मि.मी. लायकाची बॉडी २.९८ लाच ‘जुळले’ म्हणते. उरलेल्या ०.१ मि.मी.मुळे तुमचे फोकस १.०३ मीटरवर जाऊन पडते. तुमच्या पट्टीनेही तेच तीन सेंटिमीटर दाखवले आहेत.

झोर्कीवर हे का दिसले नाही, याचे एक कारण असे की लायकामध्ये दांड्याच्या टोकाला चाक असते, तर झोर्की आणि फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांत चपटी जीभ असते. ही जीभ थोडी वळवून जवळचे टोक आणि स्क्रूने अनंताचे टोक असे दोन्ही स्वतंत्रपणे साधता येतात. तुमची झोर्की या लेन्सच्या मोजमापावर बसवलेली असणार.

आता उपाय. शिममध्ये ०.१ मि.मी.ची भर घातली तर एक मीटरवरची चूक संपते, पण अनंताच्या अटकणीला लेन्स प्रत्यक्षात सुमारे २७ मीटरवर फोकस करू लागते. एफ/१.५ ला दूरच्या बिंदूचा फोकसबाहेर पसरलेला ठिपका ०.०६७ मि.मी. रुंदीचा होतो, जो सहज दिसतो. एफ/४ ला तो ०.०२५ वर येतो आणि चालून जातो. निम्मी, म्हणजे ०.०५ मि.मी.ची भर घातली तर दोन्ही टोकांना चूक निम्मी उरते : एक मीटरवर दीड सेंटिमीटर आणि अनंताला ०.०३३ मि.मी.चा ठिपका. एफ/१.५ ला एक मीटरवर क्षेत्रखोली (जेवढ्या पट्ट्यात चित्र स्वच्छ दिसते तो) मागेपुढे मिळून जेमतेम तीन सेंटिमीटर आहे, तेव्हा हा निकाल काठावर का होईना, आत बसतो. मी हेच सुचवेन.

भिंगवेडा

सूक्ष्ममापी यांचे गणित बिनचूक आहे, पण ते एकाच ॲपर्चरचे आहे, आणि सोनार जातीच्या लेन्समध्ये तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. लुडविग बेर्टेले यांच्या या रचनेत गोलीय विपथन (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळणे) मुद्दाम थोडे शिल्लक ठेवलेले आहे. पूर्ण उघड्या ॲपर्चरला चेहऱ्यावर जी मऊ झळाळी येते ती त्यातूनच. त्याची किंमत अशी की ॲपर्चर मिटत गेले की फोकसची पातळी मागे सरकते. एफ/१.५ ला डोळ्यावर नेमकी बसलेली लेन्स एफ/२.८ ला डोळ्याच्या मागे जाते. एफ/२.८ ला क्षेत्रखोली वाढते हे खरे, पण ती वाढ आणि ही सरक एकाच वेळी चालू असतात आणि सरक पुष्कळदा पुढे असते. त्साइसने एम माउंटसाठी नव्याने काढलेली एफ/१.५ सी-सोनार सुरुवातीला एफ/२.८ ला जुळवून येत असे, त्यामुळे पूर्ण उघडल्यावर ती पुढे फोकस करते अशी ओरड झाली. त्यात दोष कोणाचाच नव्हता. एका लेन्सला एकाच वेळी सगळीकडे अचूक बसवता येत नाही, इतकेच.

म्हणून छायाप्रकाश यांनी लेन्स उघडण्यापूर्वी तीच तिरपी पट्टी एफ/१.५, २, २.८ आणि ४ ला, प्रत्येक वेळी रेंजफाइंडर नव्याने जुळवून टिपावी आणि आपण या लेन्सने खरोखर कोणत्या ॲपर्चरला चित्रे काढतो ते प्रामाणिकपणे ठरवावे. मुख्यतः पूर्ण उघड्या ॲपर्चरला जवळची व्यक्तिचित्रे काढत असाल तर मी ०.०५ वर थांबणार नाही, सरळ ०.०८ ते ०.१ घालेन आणि अनंतासाठी ॲपर्चर मिटवेन. दूरची दृश्येही काढत असाल तर शिमला हातच लावणार नाही. जवळ लाइव्ह व्ह्यू वापरेन, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून फोकस करेन.

आणखी एक इशारा. मागचा तीन भिंगांचा जोडसंच थोडा आत सरकवून नाभीय अंतरच कमी करण्याची युक्ती काही ठिकाणी सुचवलेली आढळेल. तत्त्वतः ती बरोबर आहे, परंतु त्या अंतरावर विपथनांचा सगळा तोल अवलंबून असतो आणि मोजण्याची साधने हाताशी नसताना तो बिघडवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

आटेवाला

फोकसचे कडे जड आहे त्याविषयी. सोव्हिएत कारखान्यांतले ग्रीस कालांतराने मेणासारखे घट्ट होते. पण तुमच्या लेन्समध्ये नवे ग्रीस भरले गेले आहे, तेव्हा दोनपैकी एक झालेले असावे : जुने न काढता वर नवे लावले, किंवा निवडलेले ग्रीसच फार जाड आहे. दोन्हींवर उपाय एकच. हेलिकॉइड वेगळा करून व्हाइट स्पिरिटने आटे पूर्ण स्वच्छ करावेत, लाकडी काडीने खाचांतला काळा गाळ काढावा, आणि पातळ लिथियम ग्रीसचा इतका कमी थर द्यावा की आटे जोडल्यावर कडेला काहीही बाहेर येऊ नये. झिरपणारे तेल फवारणे हा उपाय नव्हे. ते आट्यांतून पुढे सरकत ॲपर्चरच्या पात्यांवर येते, तिथून वाफेच्या रूपाने आतल्या भिंगांवर जमते आणि धुके तयार होते. ते धुके वेळीच न पुसल्यास काचेवर कायमचा डाग पडू शकतो. आतल्या पृष्ठभागांवरचा १९५० च्या दशकातला लेप मऊ असतो, हे पुसतानाही ध्यानात ठेवावे.

हेलिकॉइडचे आटे एकमुखी नसतात. थोड्या फिरवण्यात तीन मि.मी. सरकायचे असल्याने अनेक आटे शेजारी शेजारी सुरू होतात आणि नळी बाहेर काढल्यावर ती परत चार-पाच जागी ‘बरोबर’ बसल्यासारखी वाटते. म्हणून प्रथम अनंताच्या जागी सुईने दोन्ही भागांवर एक सलग रेघ मारावी. मग सावकाश उलट फिरवत न्यावे आणि ज्या क्षणी नळी सुटते तिथे दुसरी रेघ मारावी. दुसरी रेघ जास्त महत्त्वाची आहे. वर सांगितल्याप्रमाणे ती चुकली तरी रेंजफाइंडरची जुळणी टिकेल, पण लेन्स अनंतापर्यंत पोचणार नाही किंवा अनंताच्या पलीकडे जाईल, आणि पुन्हा उघडावे लागेल.

छायाप्रकाश

सर्वांचे आभार. पट्टीची चाचणी चारही ॲपर्चरला केली. भिंगवेडा म्हणतात तसेच दिसले : एफ/१.५ ला तीन सेंटिमीटर मागे, आणि एफ/२.८ ला त्याहूनही मागे. झोर्कीची पाठ पूर्ण निघते, म्हणून तिच्या आतल्या रुळांवर दुधी काच टेकवून, शटर उघडे धरून अनंतही तपासले. अटकणीला दूरचा मनोरा काचेवर स्वच्छ उमटतो. तेव्हा शिम मूळचे आहे, असेच मी समजतो. माझी बहुतेक चित्रे दोन मीटरच्या आतली आणि पूर्ण उघड्या ॲपर्चरची असल्याने ०.०८ मि.मी.ची भर घालण्याचे ठरवले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. भर कशाची घालावी? आणि नव्या भरीमुळे भिंगसंच आट्यांत थोडा आधीच थांबल्यामुळे ॲपर्चरच्या कड्यावरील खूण वर न राहता बाजूला जाईल, त्याचे काय करावे?

सूक्ष्ममापी

दोन मीटरच्या आतल्या चित्रांसाठी ०.०८ योग्य आहे.

कागद वापरू नये. दाबल्यावर तो बसतो आणि आर्द्रतेने फुगतो. पितळेचा पातळ पत्रा सर्वांत चांगला. पेयाच्या ॲल्युमिनियम डब्याची भिंतही सुमारे ०.१ मि.मी. जाडीची असते आणि रंग व आतला लेप खरवडून काढल्यावर थोडी पातळ होते. जे वापराल ते मायक्रोमीटरने मोजूनच आत जाऊ द्यावे. कडे सलग कापावे. तीन बाजूंना तीन तुकडे ठेवण्याचा मोह होतो, पण त्यांच्या जाडीत शतांशाचा फरक असला तरी भिंगसंच तिरका बसतो आणि चित्राची एक बाजू कायमची मऊ राहते. मूळ शिम फेकून न देता त्याच्याच खाली नवे कडे ठेवावे, म्हणजे लेन्स पुन्हा पूर्ववत करता येईल.

खूण सरकणारच. भिंगसंचाच्या आट्यांची पावले अर्ध्या मि.मी.ची असतील तर ०.०८ मि.मी.मागे ती सुमारे ५८ अंश बाजूला जाते. ॲपर्चरचे कडे बारीक अडकस्क्रूंनी धरलेले असते. ते स्क्रू सैल करून कडे फिरवावे आणि खूण वर आणावी. मात्र स्क्रूंच्या टोकांसाठी आतल्या भागात जुने खड्डे असतात आणि नवी जागा त्यांच्या अगदी जवळ आली तर स्क्रू घसरून जुन्याच खड्ड्यात बसतो. तसे झाल्यास नवा खड्डा पाडावा लागतो, आणि ते काम भिंगे काढून ठेवल्याशिवाय करू नये, कारण ॲल्युमिनियमचा कीस पात्यांत गेला तर ॲपर्चर संपूर्ण उघडावे लागते. छिद्र पाडणे नको असेल तर कडे आहे तसेच ठेवून नव्या जागी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यावा. या लेन्समध्ये फोकस करताना पुढचा सगळा भाग फिरतच असतो, त्यामुळे खूण वर नसण्याची सवय तुम्हाला आधीच असेल.