मदत हवी आहे : रेस्टॉरंट वीकमधील ठरावीक किमतीचे इटालियन जेवण आणि आईचा चातुर्मास

नमस्कार.

आम्ही जर्सी सिटीत राहतो. माझे आईबाबा मे महिन्यात मिरजेहून आमच्याकडे आले असून ऑक्टोबरमध्ये परत जातील. येत्या ऑगस्टमध्ये त्यांच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण होतात आणि त्या निमित्ताने त्यांना मॅनहॅटनमधील एखाद्या खरोखर चांगल्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये न्यायचे असे मी आणि माझ्या नवऱ्याने ठरवले आहे. एरवी अशा ठिकाणी चौघांनी जेवणे आम्हाला परवडणारे नाही, पण उन्हाळ्यातला रेस्टॉरंट वीक त्याच सुमारास असतो आणि त्या काळात तीच रेस्टॉरंटे ३०, ४५ किंवा ६० डॉलरला ठरावीक जेवण देतात, ज्याला तिथे ‘प्री फीक्स’ म्हणतात. (१९९२ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन न्यूयॉर्कमध्ये भरले, तेव्हा १९.९२ डॉलरच्या दुपारच्या जेवणाने ही प्रथा सुरू झाली.)

इटालियनच का, हे सांगणे आवश्यक आहे, कारण माझा सगळा प्रश्न त्यातूनच उभा राहिला आहे. इटलीतल्या बारी शहराच्या जुन्या भागात बायका घरासमोर पाट मांडून ओरेक्येत्ते नावाचा पास्ता हाताने वळतात, त्याची चित्रफीत आईने जूनमध्ये पाहिली. पिठाची वळी कापायची, एकेक तुकडा सुरीने ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, हे पाहताच ती म्हणाली, “अगं, हे तर आपले नखुले!” लग्नकार्यात गव्हले, नखुले, मालत्या करायला तिला आजही घरोघरून बोलावणे येते. त्यानंतर दोन-तीनदा तिने त्या पास्त्याची चव कशी असेल असे विचारले. स्वतःच्या खाण्याबद्दल ती कधी काही मागत नाही, त्यामुळे हे विचारणे माझ्या मनात राहिले.

अडचण अशी की आई अंडेही खात नाही आणि कांदेनवमी झाली की कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगे पूर्णपणे वर्ज्य करते. परदेशात आली म्हणून हा नियम तिने सोडलेला नाही आणि तिने तो सोडावा असे मलाही वाटत नाही. हिवाळ्यातही रेस्टॉरंट वीक असतो, पण तोपर्यंत ते दोघे मिरजेत असतील. बाबा अंडी आणि मासे आवडीने खातात, त्यामुळे त्यांची काळजी नाही.

गेल्या खेपेला आम्ही एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. ‘मशरूम रिसोत्तो शाकाहारी आहे का’ असे मी विचारले आणि वाढणाऱ्याने ‘हो’ म्हणून सांगितले. आईचे अर्धे ताट संपल्यावर दुसऱ्या एका वाढणाऱ्याकडून कळले की तो भात कोंबडीच्या स्टॉकमध्ये, म्हणजे कोंबडी उकळून काढलेल्या पाण्यात, शिजवतात. आईने चमचा खाली ठेवला, कोणालाही एका शब्दाने दोष दिला नाही आणि दुसऱ्या दिवशी उपवास केला. चूक माझी होती, कारण ‘शाकाहारी आहे का’ एवढेच मी विचारले आणि भात कशात शिजवला हे विचारायचे राहून गेले. ते पुन्हा होऊ नये म्हणून या वेळी मी बरेच वाचून ठेवले आहे.

ताजा पास्ता म्हटला की, विशेषतः उत्तर इटलीतल्या एमिलिया-रोमान्या भागाच्या पद्धतीचा, त्यात अंडे असते. मात्र दक्षिणेकडील ओरेक्येत्ते परंपरेने केवळ रवाळ गव्हाचे पीठ आणि पाणी यांचेच असतात, म्हणजे आईला जे खायचे आहे तेच नेमके तिला चालण्यासारखे आहे. पण न्यूयॉर्कमध्ये ते बहुधा सॉसेज आणि एका कडवट पालेभाजीबरोबर येतात, आणि मूळ पद्धतीच्या भाजीतही लसणाबरोबर अँकोव्ही हा खारवलेला मासा पुष्कळदा असतो. पार्मिजानो रेज्जानो हे चीज करताना दूध साकळण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरणे नियमानेच बंधनकारक आहे, त्यामुळे वरून किसून घातलेले चीजही चालणार नाही. टोमॅटोचा सॉस आधीच करून ठेवलेला असतो आणि त्यात लसूण असतोच, असे मी धरून चालले आहे. लोणी आणि सेज या सुगंधी वनस्पतीची पाने घालून आयत्या वेळी परतलेला पास्ता हा एकच मार्ग मला दिसतो. गोडात पन्ना कोत्तामध्ये प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन आणि तिरामिसूमध्ये अंडी असतात, म्हणजे उरले सॉर्बे (फळांच्या रसाचा गोठवलेला गोड पदार्थ) किंवा फळे.

आता प्रश्न असा की ठरावीक किमतीच्या जेवणात सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ, गोड अशा प्रत्येक टप्प्याला दोन-तीनच पर्याय असतात आणि त्या दिवसांत स्वयंपाकघरावर ताण मोठा असतो, तेव्हा एका माणसासाठी वेगळा पदार्थ करून देण्याची विनंती मान्य होते का? आईसाठी नेहमीच्या मेनूतला पास्ता पूर्ण दराने मागवून बाकी तिघांनी ठरावीक जेवण घेतलेले चालते, की संपूर्ण टेबलाने एकच प्रकार घ्यावा असा आग्रह असतो? पूर्ण दर देण्याची आमची तयारी आहे. मात्र आम्ही तिघे तीन टप्पे जेवत असताना आईपुढे पाव आणि पाने ठेवलेली मला पाहवणार नाहीत.

वेळेबाबतही सल्ला हवा आहे. शनिवारी ही सवलत सहसा नसते, म्हणून रजा काढून आधल्या-मधल्या वारी जाणार आहोत. दुपारी सहसा दोनच टप्पे मिळतात, पण गर्दी कमी असेल आणि वाढणाऱ्यांना आमचे बोलणे नीट ऐकून घ्यायला वेळ मिळेल असा माझा अंदाज आहे. रात्री तीन टप्पे असतात. ६० डॉलरप्रमाणे चौघांचे २४० डॉलर, त्यावर ८.८७५ टक्के कराचे २१.३० आणि २० टक्के टिपचे ४८, म्हणजे ३०९.३० डॉलर होतात, आणि एवढी रक्कम आम्ही बाजूला ठेवली आहे. काही पदार्थांवर ‘सप्लिमेंट’ म्हणून जादा आकारणी होते, ती साधारण किती असते? आमच्यापैकी कोणीही वाइन घेणार नाही. बिल त्यामुळे लहान होईल, तर आईसाठी जास्तीचे काम करणाऱ्यांना २० टक्क्यांहून अधिक टिप द्यावी का?

ज्यांनी जैन किंवा चातुर्मास पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांना अशा ठिकाणी नेले आहे त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा. ऑनलाइन बुकिंग करताना सूचनांच्या रकान्यात लिहिणे पुरते, की दुपारी तीन-चारच्या सुमारास, स्वयंपाकघर शांत असताना, फोन करून बोलावे? फोनवर तुम्ही नेमके काय विचारले, तेही सांगावे. ‘स्टॉक, अंडे, कांदा, लसूण, अँकोव्ही, चीज’ अशी यादी वाचून दाखवली तर समोरचा घाबरून नकार देईल अशी भीती वाटते, आणि यातले काही गाळले तर गेल्या वेळेसारखे होईल. पुढच्या आठवड्यात मी बुकिंग करणार आहे. आईला अजून काही सांगितलेले नाही. ओरेक्येत्ते नक्की मिळतील अशी खात्री झाल्यावरच सांगणार आहे.