आजीची बोरमाळ आटवली, टंच निघाला ८५! सोन्यात तांबं घालायलाच लागतं का?

जुई_सोलापूर :
लेकीचं लग्न फेब्रुवारीत आहे. आजीची बोरमाळ मोडून तिला नवी करावी म्हणून परवा मधल्या मारुतीजवळ एका सराफाकडे गेले. डोळ्यांदेखत आटवली, टंच (शंभरात चोख सोनं किती तो आकडा) निघाला ८५. मण्यांत भरलेल्या लाखेचं वजन गेलं ते वेगळंच. घरात कायम ऐकलेलं, "आजीचं सोनं बावनकशी!" मी म्हटलं, नवी तरी चोख २४ कॅरेटची करा. तर तो हसायलाच लागला. हे मिसळणं खरंच गरजेचं असतं, की सराफाच्या सोयीचं?

फुंकणीवाले_काका :
ताई, ३१ वर्षं सोनाराची फुंकणी फुंकलीय. आता डोळे काम देईनात म्हणून पोराच्या दुकानात गल्ल्यावर बसतो.

एका बाईंनी हट्टानं चोख सोन्याच्या पाटल्या करून घेतल्या होत्या. रोज दोन्ही वेळची ज्वारीची भाकरी थापणारा हात, पाटली परातीच्या काठाला आपटणारच. दिवाळीला केलेल्या पाटल्या संक्रांतीला, गड्डा यात्रेच्या गर्दीतनं, माझ्याकडे आल्या त्या लांबट अंड्यासारख्या होऊन. चोख सोन्यात अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरतात. तांब्याचा अणू लहान, तो मधे बसला की घसरण अडते. चांदीचा अणू जवळपास सोन्याएवढाच, त्यामुळं तिनं कडकपणा फार येत नाही, पण रंग सांभाळला जातो. नुसतं तांबं घातलं तर माल लाल दिसतो, नुसती चांदी घातली तर फिकट हिरवट. म्हणून दोन्ही. २२ कॅरेटच्या १० ग्रॅममध्ये सोनं ९.१६, बाकी हे.

आता आजीचं. बोरमाळेचा एकेक मणी म्हणजे दोन वाट्या डाग (वितळवून सांधायचा मिश्र धातू) देऊन जोडलेल्या. चोख सोनं १०६४ अंशांना वितळतं. डाग मण्याच्या आधी वितळायला हवा, नाहीतर मणीच वितळून बसायचा, म्हणून डागात तांबं-चांदी जास्त. माळेत मणी किती, तेवढे डाग. सगळं एका मुशीत आटवलं की टंच खाली येणारच. आजी फसली असंच काही नाही बघा.

मधे कॅडमियमचा डाग आला, त्यानं टंच राखला जायचा. पण तो धूर कारागिराच्या छातीत जायचा.

नवीपेठकर :
काका, गरज आहे हे खरं, पण ८५ टंचाचं देऊन २२ कॅरेटचे पैसे घेणारेही होतेच की. डागाच्या नावावर बरंच खपायचं. जुई, १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झालाय. दागिन्यावर २२के९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख क्रमांक) बघा, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून पडताळा.

फुंकणीवाले_काका :
होते ओ, नाही कुठं म्हणतोय.

जुई_सोलापूर :
काका, मग २२ च सांगते. पण चोख सोन्याचं काहीच होत नाही का?

फुंकणीवाले_काका :
होतं की, वेढणं, म्हणजे चोख सोन्याचं वेटोळं. गुरुपुष्याला लोक घेतात ते. हातानं उलगडतं इतकं मऊ, म्हणून कपाटात ठेवायचं. माळेला २२ च बरं. आणि लाख भरायच्या आधीचं वजन समोर करून घ्या, चिठ्ठीवर लिहून.

जुई_सोलापूर :
आणि घडणावळ किती द्यावी?

फुंकणीवाले_काका :
ते तेवढं मला विचारू नका. पोरगं वाचतंय हे.