बदला पुरा झाला, तपासाचं काय?

कर्जत_स्लो (धागाकर्ती)

20 ऑगस्ट 2024 ला आमची लोकल वांगणीला उभी राहिली ती राहिलीच. पुढे बदलापूरला लोक रुळांवर उतरले होते. एरवी पाच मिनिटं गाडी थांबली तर मोटरमनच्या सात पिढ्या उद्धरणाऱ्या आमच्या डब्यातल्या बायका, पण त्या दिवशी आंदोलकांना कुणी एक शब्द बोललं नाही. शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार होतात, आईबाप पोलिस ठाण्यात जातात आणि गुन्हा नोंदवायला त्यांना तासन्‌तास बसवून ठेवतात, हे ऐकून सगळ्यांचंच डोकं फिरलं होतं. राग आरोपी असलेल्या त्या शाळेतल्या सफाई कामगारावर होता, शाळेवर होता आणि पोलिसांवर तर होताच.

बरोबर महिन्याभराने, 23 सप्टेंबरला, त्याला तळोजा तुरुंगातून ठाण्याला नेताना मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत गोळी लागली. पोलिसांचं म्हणणं असं, की त्याने एका अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, एक त्या अधिकाऱ्याच्या मांडीला लागली, मग वरिष्ठ निरीक्षकाने स्वसंरक्षणासाठी त्याला मारलं. मुंबईत 'बदला पुरा'चे बॅनर लागले. दुसऱ्या दिवशी 7.20 ला आमच्या डब्यात पेढ्यांचा पुडा फिरला. मीही घेतला. खाल्लासुद्धा.

जानेवारी 2025 मध्ये ठाण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल हायकोर्टात आला. गाडीतल्या पाचही पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरलं होतं, बळाचा वापर समर्थनीय नव्हता असं म्हटलं होतं. त्या पिस्तुलावर मयताच्या बोटांचे ठसे मिळाले नव्हते. तरी गुन्हा नोंदवायला सरकार राजी होईना. 7 एप्रिलला हायकोर्टाला तसा आदेश द्यावा लागला. म्हणजे ऑगस्टमध्ये त्या मुलींच्या आईबापांना एफआयआरसाठी ताटकळावं लागलं आणि त्याच खात्यावर एफआयआर करायची वेळ आली तेव्हा हायकोर्टाला. दोन्ही वेळी खुर्ची एकच, फक्त बाक बदललं.

माझा प्रश्न तो माणूस चांगला होता का वाईट, हा नाहीच. पोलिसांच्या हातून माणूस मेला तर तपास पोलिसांनीच करायचा का? आणि आपण पेढे वाटल्यावर तो तपास नीट होईल ही अपेक्षा कुणाकडून करायची?

नेरळचा_वाटाड्या

पेढा खाल्ला ना ताई? मग आता वर्षभराने ढेकर कसला देताय.

हवालदाराचा_पोरगा

असहमत. वडील 34 वर्षं खात्यात होते, त्यातली बरीच वर्षं एस्कॉर्ट ड्यूटी. बंद गाडी, शेजारी आरोपी, दुपारचे तीन, सकाळपासून पोटात एक वडापाव. आरोपी पळाला तर संध्याकाळपर्यंत निलंबनाचा कागद हातात पडतो. आमच्या घरी तो एकदा आला होता. आईने तो देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला आणि आठ महिने अर्ध्या पगारात घर चालवलं. म्हणजे आरोपी पळाला तर एस्कॉर्ट बेजबाबदार, मारला तर खुनी.

त्या पाच जणांत एक ड्रायव्हर होता. गाडी चालवत होता तो! त्यालाही जबाबदार धरलं. आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी म्हणजे खटला नव्हे, तिथे उलटतपासणी होत नाही. त्यावरून कुणाला खुनी म्हणू नका.

काळा_डगला

खुनी कुणी म्हणत नाहीये. एफआयआर म्हणजे शिक्षा नव्हे, तपासाची सुरुवात. तुमच्या वडिलांनी स्वतः शेकडो लोकांवर ती नोंदवली असेल, तेव्हा 'आधी दोष सिद्ध करा' असं म्हणाले होते का?

स्वसंरक्षण हा बचाव आहे, आणि बचाव कोर्टात मांडायचा असतो. प्रेस नोटमध्ये मांडून फाइल बंद करता येत नाही. 25 सप्टेंबरलाच हायकोर्टाने विचारलं होतं, की चार पोलिसांना एक माणूस आवरता आला नाही? गोळी डोक्यातच का, हातापायावर का नाही? पिस्तुलाची स्लाइड मागे खेचायला ताकद आणि सवय लागते. ज्याने कधी पिस्तूल हातात धरलं नाही त्याला झटापटीत ते कसं जमलं? या प्रश्नांना उत्तर असेलही. पण ते शपथेवर द्यावं लागेल.

आणखी एक. चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्या, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी करा, ही मार्गदर्शक तत्त्वं सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्याच चकमकींच्या खटल्यात घालून दिली. निकालाची तारीख 23 सप्टेंबर 2014. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, मुंब्रा बायपास.

दोन_मुलींची_आई

कायद्याची पुस्तकं वाचून दाखवू नका. निर्भया डिसेंबर 2012, फाशी मार्च 2020. शक्ती मिल 2013, तिघांना फाशीची शिक्षा झाली, 2021 मध्ये हायकोर्टाने ती जन्मठेपेवर आणली. या दोन्ही खटल्यांवर अख्ख्या देशाचं लक्ष होतं. ज्यांची बातमीच होत नाही त्यांचं काय? चार वर्षांच्या पोरीला कोर्टात उभं करून 'काका कुठे हात लावायचे' विचारणार तुम्ही, तेही ती दहा वर्षांची झाल्यावर. त्यापेक्षा हे बरं. मला याची लाज वाटत नाही. मीही पेढे वाटले, घरी केलेले.

कर्जत_स्लो

@दोन_मुलींची_आई, तुमचा राग खोटा आहे असं मी कुठे म्हटलंय? तोच पेढा खाल्ला की मी. पण नंतर एक गोष्ट सलायला लागली. त्याच्याबरोबर त्याचा खटला संपला. शाळेत कुणाला कधी कळलं, कोण गप्प बसलं, कुणी सांगितलं गप्प बसायला, हे त्याला विचारायची सोयच राहिली नाही. माहिती दडवल्याबद्दल संस्थाचालकांवर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा) गुन्हा होता, ते फरार होते आणि पकडले गेले ऑक्टोबरमध्ये, म्हणजे हा मेल्यानंतर. पेढे वाटून झाले होते, त्यामुळे ती बातमी आमच्या डब्यात कुणी वाचलीही नाही.

आणि ज्या ठाण्याने आईबापांना बसवून ठेवलं होतं, त्याबद्दल विचारणारे लोक एका रात्रीत पोलिसांच्या नावाने जयजयकार करायला लागले. पोलिसांना याहून स्वस्तात माफी कधी मिळाली असेल?

जुना_वार्ताहर

इथे दोन्ही बाजूंना एक प्रकरण आठवत नाहीये म्हणून लिहितो. नोव्हेंबर 2006, मुंबईतली लखन भैया चकमक. त्याचा वकील भाऊ कोर्टात गेला. न्यायदंडाधिकाऱ्यांनी चकमक बनावट ठरवली आणि हायकोर्टाने 2009 मध्ये विशेष तपास पथक नेमलं. त्याचे प्रमुख होते के. एम. एम. प्रसन्ना, म्हणजे आयपीएस, म्हणजे पोलिसच. त्या पथकाच्या तपासावर 2013 मध्ये 13 पोलिसांसह 21 जणांना शिक्षा झाली. तेव्हा पोलिस पोलिसांचा तपास करूच शकत नाहीत, हे काही खरं नाही. मात्र वर कोर्टाची नजर हवी. आणि मरणाऱ्याच्या घरात वकील हवा, हेही खरं. दरम्यान एका महत्त्वाच्या साक्षीदाराचा खून झाला, हेही विसरू नका.

पुढची गंमत (गंमत कसली म्हणा). 2015 मध्ये सरकारने त्यातल्या 11 पोलिसांची शिक्षा माफ करायचा घाट घातला. हायकोर्टाने 2019 मध्ये तो निर्णय रद्द केला.

हैदराबाद 2019 सुद्धा आठवा. बलात्कार-खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी चकमकीत मारले गेले, पोलिसांवर फुलं उधळली. चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते आपल्या विदर्भातले न्या. सिरपूरकर. 2022 मध्ये अहवाल बाहेर आला. पोलिसांची कहाणी बनावट आणि दहा जणांवर खुनाचा खटला चालवा, असं त्यात होतं. तेव्हा फुलं गोळा करायला कुणी गेलं नाही.

नेरळचा_वाटाड्या

एवढं मोठं कोण वाचतं हो. मुद्दा काय?

हवालदाराचा_पोरगा

@जुना_वार्ताहर, लखन भैयाचं काढलंतच तर पूर्ण काढा. 2013 मध्ये खालचे सगळे आत गेले आणि ज्यांचं नाव पेपरात 'चकमकफेम' म्हणून छापून यायचं ते प्रदीप शर्मा निर्दोष सुटले. त्यांना हायकोर्टाने जन्मठेप दिली ती मार्च 2024 मध्ये. अकरा वर्षं शिपायांच्या बायका येरवड्याच्या नाहीतर तळोज्याच्या रांगेत. माझा मुद्दा हाच आहे. पोलिसांची चौकशी म्हणजे शेवटी हवालदाराची चौकशी. वरून फोन कुणाचा आला, तो जबाबात कधी येतो का?

तशी चौकशी होणार असेल, फोनापर्यंत जाणारी, तर माझी ना नाही. हे मी कालपर्यंत लिहिलं नसतं.

काळा_डगला

हे तुम्ही लिहिलंत म्हणून सांगतो. बदलापूरच्या प्रकरणात एप्रिलमध्ये हायकोर्टाने विशेष तपास पथकाचं प्रमुखपद मुंबईचे गुन्हे सहआयुक्त लखमी गौतम यांना दिलं होतं. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. मे महिन्यात तिथे एवढंच बदललं, की पथक पोलिस महासंचालक नेमतील. कायद्याच्या दृष्टीने बदल किरकोळ असेल, पण महासंचालक कुणाच्या हाताखाली असतात ते तुमच्या वडिलांना विचारा. त्याआधी सीआयडीनेही न्यायदंडाधिकाऱ्यांना कागद वेळेवर दिले नाहीत म्हणून हायकोर्टाने त्यांना फटकारलं होतं.

गोदाकाठ

बदलापूरवर पानंच्या पानं भरतायत, परभणीचं कुणी नाव काढेना. डिसेंबर 2024, संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, शहरात दगडफेक झाली आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यात एक कायद्याचा विद्यार्थी. चार-पाच दिवसांत कोठडीत मेला. शवविच्छेदनात जखमा. विधानसभेत सांगितलं गेलं मारहाण नाही, आजार होता. न्यायदंडाधिकाऱ्यांनी पोलिसांना जबाबदार धरलं, तरी गुन्ह्यासाठी त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. जुलै 2025 मध्ये आदेश झाला, सरकार त्याविरुद्धही सुप्रीम कोर्टात गेलं आणि हरलं.

@दोन_मुलींची_आई, या पोराने कुणाला हात लावला नव्हता. गाडीत असो की कोठडीत, विचारणारं कुणी नाही हे एकदा कळलं की समोर कोण आहे ते पोलिस बघत बसत नाहीत.

दोन_मुलींची_आई

परभणीचं वेगळं आहे. तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

गोदाकाठ

वेगळं आहे हे ठरवलं कुणी? तुम्ही. पुढच्या वेळी दुसरं कुणी ठरवेल.

वरणफळ

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण नावाची गोष्ट आहे, माहितीये का कुणाला? पोलिस सुधारणांबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या 2006 च्या प्रकाश सिंह निकालानंतर आपल्याकडे 2014 मध्ये कायद्यात आणलं. निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष असतात. माझा मोबाइल गर्दीत खिशातून काढला, तेव्हा ठाण्यात 'चोरी' ऐवजी 'गहाळ' लिहून दिलं. म्हटलं, साहेब, गहाळ मी केला नाही, त्याने केला. तर म्हणे, सही करा नाहीतर उद्या या. सही केली. प्राधिकरण आहे हे मला त्यानंतर दोन वर्षांनी कळलं. ठाण्याच्या भिंतीवर सायबर फ्रॉडचे सहा पोस्टर होते, याचं एकही नव्हतं.

हवालदाराचा_पोरगा

वडिलांना धागा वाचून दाखवला. महासंचालक कुणाच्या हाताखाली, यावर नुसते हसले. त्या ड्रायव्हरचं ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गाडीत कॅमेरा बसवा म्हणावं. आमच्या वेळी असता तर मी आठ महिने घरी बसलो नसतो." ते प्रकरण काय होतं, हे त्यांनी आम्हाला अजून सांगितलेलं नाही.

काळा_डगला

ठाण्यात कॅमेरे लावायचा आदेश सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2020 मध्येच दिलाय, कोठडी, व्हरांडा, सगळीकडे. गाडीचं त्यात नाही. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

नेरळचा_वाटाड्या

धागा भरकटला. वांगणीला किती वेळ अडकला होतात ते सांगा.

कर्जत_स्लो

तीन तास. मग चौघी मिळून रिक्षा करून घरी परत. रजा मांडावी लागली.