पहिल्या गाण्यावरून अख्ख्या अल्बमचा अंदाज बांधावा का?

घोडबंदरकर, ठाणे:
आम्ही काही जण दर महिन्याला नौपाड्यात एकमेकांकडे जमून एखादा पॉप अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने ऐकतो. कोणता अल्बम घ्यायचा हे बहुधा आधी प्रसिद्ध झालेल्या एकट्या गाण्यावरून ठरते आणि तिथेच फसगत होते. टेलर स्विफ्ट यांचे २०१७ च्या ऑगस्टमधले ‘लुक व्हॉट यू मेड मी डू’ हे सूडाने धुमसणारे गाणे ऐकून नोव्हेंबरमध्ये आलेल्या त्यांच्या ‘रेप्युटेशन’ या अल्बमकडे आमच्यातल्या अनेकांनी पाठच फिरवली. प्रत्यक्षात त्याच्या उत्तरार्धात प्रेमगीते आहेत आणि शेवटचे ‘न्यू इयर्स डे’ मुख्यतः पियानोच्या साथीवर गायलेले आहे. अल्बमशी इतके विसंगत गाणे आधी का काढत असावेत?

वाशीचा श्रोता:
आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, पण इथे ते शीत मुद्दाम निवडून वाढलेले असते. दुसऱ्याच कामात गुंतलेल्या माणसाचे लक्ष पहिल्या काही क्षणांत वेधून घेईल असे गाणे पुढे केले जाते. हळूहळू उलगडणारे गाणे कितीही सरस असले तरी त्या कसोटीला उतरत नाही. स्विफ्ट यांच्याच ‘लव्हर’ या अल्बमचे पाहा. एप्रिल २०१९ मध्ये ‘मी!’ हे उड्या मारणारे गाणे आले, आणि त्यातली स्पेलिंगविषयीची बोललेली ओळ तर ऑगस्टमध्ये अल्बम येईपर्यंत काढूनही टाकली गेली. त्याच अल्बममध्ये आईच्या आजारपणावरचे ‘सून यूल गेट बेटर’ आहे, याची कल्पना त्या गाण्यावरून कोणाला आली असती? दुसऱ्याच क्रमांकावर असलेले ‘क्रूएल समर’ तर २०२३ साली स्वतंत्रपणे पुढे आणले गेले आणि त्याच वर्षी बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत अव्वल ठरले.

ऐरोलीहून एक वाचक:
वरचे म्हणणे पटते, तरी सरसकट अविश्वास दाखवू नये असे मला वाटते. गायिका अडेल यांचे ‘हॅलो’ २०१५ मध्ये आधी आले आणि त्यांच्या ‘२५’ या अल्बमची सुरुवातही त्यानेच होते, तिथे अपेक्षाभंग झाला नाही. माझ्या मते गाणे खोटे नसते, त्याचे शेजारी काढून घेतलेले असतात. ‘रेप्युटेशन’मध्ये पाचवे ‘डेलिकेट’ ऐका. यंत्रातून बदललेला, बिचकत बोलणारा तो आवाज कानात असतानाच सहावे ‘लुक व्हॉट यू मेड मी डू’ सुरू होते, आणि जो राग एकटा ऐकताना नुसता उद्दाम वाटला होता, तो दुखावलेल्या माणसाने स्वतःच्या बचावासाठी धरलेला राग वाटू लागतो. निदान मला तरी ते गाणे तिथेच कळले.

घोडबंदरकर, ठाणे:
दोघांचेही मनापासून आभार. पुढच्या बैठकीसाठी ‘लव्हर’ घेत आहोत. ‘मी!’ वगळावे, अशी काहींची सूचना आहे.

ऐरोलीहून एक वाचक:
कृपया वगळू नका. अठरांपैकी ते सोळावे आहे. आधीची पंधरा ऐकून झाल्यावरच त्याच्याविषयी मत बनवा.